गोवरीवरची अंडी

ज्या बाईचा हा किस्सा आहे ती अजून हयात असेल, तर हे तिच्या कानावर जावं अशी माझी इच्छा आहे. नाव मी लिहीत नाही. वाचलं की तिचं तिला कळेल, आणि त्या वेळी जवळ बसलेल्या बायांनाही कळेल.

मी आंधळगावची. तलावाखाली आमची धानाची शेती, घरात दोन बैल, चार-सहा कोंबड्या आणि कामाला न थकणारी माणसं. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप म्हणायचा, "पोरगी शिकून कोनतं कलेक्टर होनार हाय?" माय म्हणायची, "नाई झाली तं नाई झाली. पन शेन तं नाई थापनार." ती स्वतः रोज शेण थापायची. तिच्या गोवऱ्या गावात नावाजलेल्या होत्या. पातळ, गोल, एका मापाच्या. धूर थोडा, निखारा फार. लग्नाच्या घरी पुरणाचं पाणी चढवायचं असलं की लोक मायच्याच गोवऱ्या मागून न्यायचे. माझ्या मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्या हातची वस्तू वाईट आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका बाईने ते म्हटलं. त्याचीच ही गोष्ट.

नागपूरला मी ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या होस्टेलात राहिले. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. खोलीतल्या दुसऱ्या पोरी शहरातल्या. पहिल्याच आठवड्यात एकीने नाकाला रुमाल लावून सांगितलं, "तुझ्या वेणीला धूर येतो गं." मी रोज केस धुवायला लागले. धूर काही जात नव्हता, किंवा जात होता आणि मलाच येत होता, कोण जाणे.

तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, इटलीच्या. बाकीचं स्वयंपाकघर बायांच्या हाती, पण रविवारी दुपारी त्या स्वतः शेगडीपाशी बसायच्या. शेगडी त्यांना पेटायची नाही. शहरातल्या पोरींनाही पेटवता येत नव्हती. त्या वर्तमानपत्र जाळायच्या, डोळे चोळायच्या आणि पळायच्या. मी एकदा खाली बसले, कोळसे मोकळे केले, वारा कुठून येतो ते पाहून शेगडीचं तोंड फिरवलं आणि फुंकर घातली. सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेत पहिली आले. त्या दिवसापासून रविवारी शेगडी माझ्याकडे.

त्या निखाऱ्यांवर शिमला मिरच्या भाजायच्या. मी ती मिरची तोपर्यंत पाहिली नव्हती. एवढी मोठी मिरची म्हणजे माणूस मरेल, असं मला वाटलं होतं. चाखली तर तिखटाचा पत्ता नाही. सिस्टर ती सगळीकडून काळी होईपर्यंत फिरवत राहायच्या.

"सिस्टर, जल गया," मी म्हणायची.

"बाहर जला. अंदर मीठा. और काला होने दो. डरो मत."

काळी झाली की भांड्यात टाकून वर झाकण. तिच्याच वाफेत ती मऊ पडायची. मग बोटांनी चोळून साल काढायची. मी पहिल्यांदा नळाखाली धरायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. पाण्याने धुतलं की चव नाल्यात. बोटाला लागलेली थोडी राख आत गेली तरी चालेल. मी हसायला लागले. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "ये तो हमारा भरीत है, सिस्टर. हमारी माँ ऐसेच करती." वांगं भाजायचं, भेदरे भाजायचे — टमाटरला आम्ही भेदरे म्हणतो — आणि राख झटकायची, पाण्याला लावायचं नाही. हे मला जन्मापासून येत होतं. इटलीला जाऊन शिकायची गरज नव्हती.

मग कढईत तेल, कांदा, ठेचलेला लसूण, भाजलेली मिरची फाडून, टमाटर शिजून आटेपर्यंत. हळद नाही, मसाला नाही. तेल त्यांच्याकडे त्यांच्या देशाचं होतं, छोट्या बाटलीत; औषधासारखं थेंब थेंब टाकायच्या. ते संपलं तेव्हा मी आमच्याकडचं जवसाचं तेल आणलं. तेही थोडं कडवट. सिस्टरनी चाखलं, मान हलवली आणि पुढच्या सगळ्या रविवारी जवसाचंच चाललं. शेवटी त्या लाल रश्शात पळीने खळगे करायचे, प्रत्येक खळग्यात एक अंडं फोडायचं आणि झाकण. पांढरं बसलं पाहिजे, पिवळं वाहतं राहिलं पाहिजे. पावाने पुसून खायचं.

या पदार्थाला त्यांच्या गावी एका जागेचं नाव आहे, असं त्या सांगायच्या. मेल्यावर माणूस ना स्वर्गात ना नरकात, अशा मधल्या एका जागी जातो. तिथे आग असते, पण ती जाळत नाही, शिजवते. पापं सुटेपर्यंत आत्मे तिथे राहतात. अंडी म्हणजे ते आत्मे. मी विचारलं, "वहाँ हम किसी को भेज सकते क्या, सिस्टर?" त्या खूप हसल्या. म्हणाल्या, नाही, ते देवाचं काम. मला ते काही पटलं नाही.

बी.ए. झाले आणि तुमसरच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. राहायला खोली मिळाली ती एका भातगिरणीच्या मागच्या गल्लीत. गिरणीवाल्यांचा बंगला आणि माझ्या खोलीचं अंगण, मध्ये फक्त एक भिंत आणि एक नाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: उष्णा तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजवतात, मग उकडतात. त्या हौदातलं पाणी आंबतं. हंगामात गल्लीत जो वास भरून राहायचा, त्यात नवा माणूस घास गिळू शकत नसे. पण त्या वासाचं नाव कुणी काढायचं नाही. गिरणीवाल्यांचा वास होता तो.

त्या गिरणीच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवरा शाळेच्या कमिटीवर. सगळे बाईसाहेब म्हणत. मी घरी मिलवाली म्हणायची, इथेही तेच म्हणते. त्या वर्षी तिने पाककला स्पर्धा ठेवली, शाळेच्याच हॉलमध्ये, आणि विषय दिला विदेशी पदार्थ. परीक्षक म्हणून भंडाऱ्याहून एका मोठ्या साहेबांची बायको येणार होती. शिक्षिकांनीही भाग घ्यावा, असा निरोप आला. तुमसरात विदेशी पदार्थ म्हणजे केक. बायांनी घरोघरी केक केले. मी ठरवलं, सिस्टरची अंडी करायची. खरं विदेशी तर माझ्याकडेच होतं.

शिमला मिरच्या नागपूरहून एका मैत्रिणीकडून मागवल्या. अडचण एकच होती, माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह. त्यावर मिरची भाजली की रॉकेलचा वास बसतो. मी मायला निरोप पाठवला. माय दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने आली. एका हातात टोपली, तिच्यात धानाच्या कोंड्यात रोवलेली घरच्या कोंबड्यांची अंडी. डोक्यावर पोत्यात बांधलेल्या गोवऱ्या. माझ्या खोलीवर ती पहिल्यांदाच येत होती. लाइटाचं बटण तिने दोनदा दाबून पाहिलं. पुस्तकांच्या फळीवरून पदराने धूळ पुसली.

"येवढे सारे तू वाचले?"

"वाचले वं माय."

"मंग पुसाले टाइम नाई भेटला असन."

सकाळी अंगणात तीन विटा मांडून मायने गोवऱ्या पेटवल्या. मिरची मी दिली, सिस्टरसारखं सांगायला लागले, तर म्हणाली, "मले सांगू नको. वांग्याची बहीनच हाय हे." एकही मिरची आतून जळली नाही. कढई तयार झाली तेव्हा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मायने विचारलं, मी येऊ का पाहायला? मी म्हटलं, चाल ना. तिने घडीचं लुगडं काढलं.

हॉलमध्ये ती दाराजवळ बसली, चपला काढून ठेवतात तिथेच, सतरंजीच्या काठावर. मी पुढे बस म्हटलं, ती हलली नाही. टेबलावर आमची भांडी ओळीने ठेवलेली. परीक्षकबाई यायच्या आधी मिलवाली एकेक झाकण उचलून पाहत होती. केक, केक, एक पुडिंग, पुन्हा केक. माझं झाकण उचललं आणि डोकं मागे घेतलं.

"हे काय हो, मास्तरीणबाई?"

"इटलीची अंडी. शिमला मिरची आणि टमाटरमधली."

तिने पुन्हा वाकून वास घेतला. आता साऱ्या बाया बघत होत्या. "इटली? इटलीले शेणाचा वास येते काय? कायच्यावर शिजवलं?"

"मिरची गोवरीवर भाजली आहे. तशीच भाजायची असते."

"गोवरीवर!" ती बायांकडे वळली. "घ्या. बी.ए. झाल्या, पण गोवरी काही सुटली नाही. खेड्याचा वास काही जात नाही, बाई, कितीही शिका."

बाया हसल्या. काही मनापासून, काही तिच्यासाठी. मी काही बोलायच्या आत तिचं लक्ष दाराकडे गेलं. माय पदर सावरून उभी राहिली होती.

"ही कोण?"

"माझी आई."

मिलवालीने मायच्या लुगड्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अस्सं. म्हणून."

बस, एवढंच. "म्हणून." त्या एका शब्दात तिने माझी माय, माझं घर, गोवऱ्या, डिग्री, सारं बसवलं. मग शिपायाला म्हणाली, "हे बाहेर ठेव. परीक्षकबाई येतील, त्यांना वास यायचा. आणि तसंही, अंडं असं उघडं दिसणं बरं नाही." जितक्या केकमध्ये अंडी होती तितके सारे जागच्या जागी राहिले. फोडून मैद्यात घातलं की अंडं चालतं. डोळ्यांना दिसलं की विटाळ.

शिपाई कढई उचलायला आला, तर मायने त्याला थांबवलं. तिने स्वतः कढई उचलली, डोक्यावर चुंबळ ठेवली, वर कढई ठेवली आणि तुमसरच्या रस्त्याने, सरळ मानेने, माझ्या खोलीपर्यंत आणली. मी मागे मागे. त्यातलं तिने खाल्लं नाही, मीही नाही. दुसऱ्या सकाळी ती निघाली.

"आता मी नाई येत तुह्या घरी," ती म्हणाली.

"काहून?"

"तुही नोकरी हाय इथं. माह्या वासानं ते जाईन."

"माय, ती बाई येडी हाय."

"येडी नाई. शायनी हाय. येडीचं मी मनाले लावून नसती घेतलं."

आणि ती खरंच आली नाही. बरीच वर्षं नाही. मला मलेरिया झाला तेव्हा भावाला पाठवलं, वहिनीला पाठवलं, गुळवेल पाठवली, स्वतः आली नाही. खोलीत नळ आला, तो तिला दाखवायचा राहिला. मी स्वतःच्या पगारातून पलंग घेतला, त्यावर ती कधी झोपली नाही. सुटीत मीच आंधळगावला जायची. ती जेवू घालायची, डोक्याला तेल लावायची, पण "चाल न माय, दोन रोज" म्हटलं की तोंड फिरवायची. लोकांच्या आया येत, महिना-महिना राहत, भांडून परत जात. माझी माय माझ्या घरी येत नव्हती, आणि त्याचं कारण भिंतीपलीकडे राहत होतं, रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना दिसत होतं.

लोक म्हणतात, विसरावं, माफ करावं. ज्यांना तसं जमतं त्यांनी करावं. ती रस्त्यात भेटली की मी नमस्कार करायची, "बऱ्या आहात ना बाईसाहेब" म्हणायची. रविवारी मिरच्या मिळाल्या की ती अंडी करायची. एक अंडं माझं, एक मिलवालीच्या नावाचं. माझं पिवळं वाहतं ठेवून काढून घ्यायची. तिचं झाकणाखाली तसंच ठेवायची, पार दगड होईपर्यंत. सिस्टरनी सांगितलं होतं ते देवाचं काम आहे म्हणून. पण देव तुमसरला येईपर्यंत कुणीतरी शेगडी पेटती ठेवायला हवी होती.

आणि मग, ऐंशी साल उलटून गेल्यावर, एका हिवाळ्यात मिलवाली स्वतः माझ्या खोलीवर आली.

भिंतीपलीकडून यायचं, तरी मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी करून आली. खुर्चीवर बसायच्या आधी हाताने खुर्ची झटकली. गिरणीत नवं यंत्र घ्यायचं चाललं होतं. त्यासाठी धान भरडायच्या यंत्रांचा जाणकार एक साहेब इटलीहून नागपुरापर्यंत आला होता, तो एक दिवस तुमसरला गिरणी पाहायला येणार होता. तिकडेही धान पिकतं, हे मला तेव्हाच कळलं.

"तुम्हाले इंग्रजी येते," मिलवाली म्हणाली. "आमच्या पोराले येते, पण समोर गोरा माणूस आला की बसून जाते त्याचं. तुम्ही या जेवणाच्या वेळी, बोलायले."

"येईन की."

"आणि ते... तुमचं ते अंड्याचं होतं ना. तिकडलं. ते मले सांगून द्या. शेठ म्हणतात, त्याच्या देशाचं काही टेबलावर असलं तर माणूस खुश होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला काही आठवत होतं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. मला वाटतं, नव्हतं आठवत. जो पायाखाली येतो त्याला आठवतं; पायाला कुठे काय आठवणार.

मी तिला सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, एकही माप चुकीचं दिलं नाही. मिरची कशी घ्यायची, कांदा किती, अंडं कधी फोडायचं. आणि भाजायचं कसं, तेही सांगितलं, अगदी सावकाश.

"गोवरीच्या निखाऱ्यावर. बाहेरून पार काळी होईपर्यंत. धुवायची नाही."

"ते राहू द्या हो," तिने हात झटकला. "आमच्याकडे गॅस आहे."

"निखाऱ्यावर भाजल्याशिवाय ती चव येत नाही, बाईसाहेब."

"काळं कायले करायचं? तेलात परतून घेईन मी. हिरवी हिरवी छान दिसते."

"आणि पिवळं घट्ट होऊ द्यायचं नाही."

"कच्चं? पाहुण्याले?" ती हसली. "तुम्ही बी ना, मास्तरीणबाई."

मला ठाऊक होतं ती नाही करणार. सांगताना ठाऊक होतं. तिच्या ओट्यावर काळं होणार नाही, तिच्या अंगणात गोवरी जळणार नाही, तिच्या हाताला राख लागणार नाही. खोटं सांगून तिला फसवणं सोपं होतं, पण त्यात मजा काय? मी तिला खरं दिलं आणि ते तिने स्वतःच्या हाताने नाकारलं.

जेवणाच्या दिवशी तिने मंडळाच्या बायांनाही बोलावलं होतं, गोरा पाहुणा दाखवायला. त्याच बाया, थोड्या जाडावलेल्या. त्या आतल्या दाराशी खुर्च्यांवर बसल्या. टेबलाभोवती शेठ, त्यांचा मुलगा, दोन-तीन अडतवाले आणि मध्ये तो पाहुणा, माझ्या बापाच्या वयाचा, उन्हाने लाल झालेला, साधा माणूस. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं, ते ऐकून मला बरं वाटलं. मला त्याच्या बाजूला खुर्ची होती. ताट नव्हतं. दुभाष्याला खुर्ची असते, ताट नसतं.

मिलवालीने काचेच्या भांड्यात ती अंडी स्वतः आणली. मिरचीचे हिरवे हिरवे कच्चे तुकडे, टमाटरमध्ये साखर आणि हळद, आणि अंडी इतकी घट्ट की चमच्याने कापावी लागली. पाहुण्याने भांडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. ते मात्र मला आवडलं नाही, त्या माणसाचं वाईट वाटलं. एक घास खाल्ला. चमचा खाली ठेवला. पाणी प्यायला. "छान आहे," म्हणाला आणि वरणभाताकडे वळला.

तिथेच विषय संपला असता. पण शेठ उत्साहात होते.

"मॅडम, विचारा त्यांले. त्यांच्या घरच्यासारखं झालं काय?"

मी विचारलं. पाहुणा आधी टाळू लागला. मी म्हटलं, त्यांना खरंच ऐकायचं आहे. तो भला माणूस होता. त्याने खरं सांगितलं. बोलताना हातांनी चूल दाखवली, मिरची फिरवून दाखवली, बोटांनी साल चोळून दाखवली. त्याचे हात बघूनच साऱ्यांना अर्धं कळलं असेल. तरी मी उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो तसा आवाज लावून मराठीत सांगितलं:

"ते म्हणतात, त्यांच्या आईच्या घरी ही मिरची चुलीच्या निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजतात. त्या धुराचा वास आला नाही, तर हा पदार्थ झालाच नाही."

मी एक शब्द वाढवला नाही. गरजच नव्हती.

दाराशी बसलेल्यांपैकी एकीने दुसरीकडे पाहिलं. पाहुणा मला विचारू लागला, तुमच्याकडे अजून विस्तवावर स्वयंपाक करतात का? मी म्हटलं, माझी आई करते. शेणाच्या गोवऱ्यांवर. मिरची अगदी तुम्ही सांगता तशी भाजते. तो खुर्चीत पुढे सरकला. मला पाहायला मिळेल का, म्हणाला. हेही मी मराठीत सांगितलं.

"मिळन ना! काहून नाही मिळन?" शेठनी टाळी वाजवली. यंत्राचा सौदा त्यांच्या डोक्यात होता. "गोवरी पाहिजे साहेबाले? आणा रे, गोवऱ्या आणा!"

नोकर एकमेकांची तोंडं पाहायला लागले. त्या बंगल्यात गोवरी असायला नको म्हणून तर सारा थाट होता. मग दाराजवळची एक बाई हळूच म्हणाली, "मास्तरीणबाईंकडे असतील."

शेठ मिलवालीकडे पाहत होते. तिला बोलणं भाग होतं. "तुमच्याकडे आहेत काय हो... गोवऱ्या?"

"आहेत. आंधळगावच्या. माझ्या मायच्या हातच्या," मी म्हटलं. "पण वास येते, बाईसाहेब."

"येऊ द्या, येऊ द्या," शेठ म्हणाले.

"बाईसाहेबांनी म्हटलं पाहिजे."

तिला आठवलं. त्या क्षणी आठवलं, मी पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "येऊ द्या."

नोकर गल्लीतून जाऊन पोतं घेऊन आला. तिच्या फरशीच्या अंगणात, तुळशीपासून थोडं हटून, मी तीन विटा मांडल्या. उरलेल्या मिरच्या होत्याच. पाहुणा पँट वर ओढून माझ्याजवळ उकिडवा बसला आणि निखाऱ्यावर मिरची फिरवू लागला, बोटं भाजली की हसायचा. धूर वर गेला, व्हरांड्यात गेला, बैठकीत गेला, पडद्यांत बसला. मी घाई केली नाही. गोवरी भरपूर होती.

मग तिथेच कढई चढवून अंडी फोडली आणि पहिली ताटली पाहुण्याला दिली. त्याने पाव मोडला, पिवळं फोडलं, पुसून पुसून खाल्लं, आणि मध्येच त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. दुसरी ताटली मी हातात घेतली आणि सरळ मिलवालीपुढे नेली. बाया सगळ्या उठून जवळ आल्या होत्या.

"घ्या बाईसाहेब."

तिने घेतली. पाहुणा पाहत होता, शेठ पाहत होते. न घेऊन सांगते कोणाला. तिने घास खाल्ला.

"वास कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

"दाराजवळ बसलेल्यांना ऐकू नाही गेलं."

"चांगला आहे," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आणि ताटली पूर्ण खाल्ली. तिला भूक होती असं मला वाटत नाही.

यंत्र आलं की नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या कामातून माझं नाव गेलं, ते कुणी काढलं हे मला ठाऊक आहे. काढू दे. एवढ्यात सुटली ती.

त्या जेवणानंतरच्या पहिल्याच रविवारी मी आंधळगावला गेले. माय सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, भिंतीवर गोवऱ्या थापत होती. मी तिथेच बसून सांगितलं. ती थांबली नाही, माझ्याकडे वळलीही नाही. शेणाचा गोळा घ्यायची, हातावर पसरायची, भिंतीवर मारायची.

"'चांगला हाय' म्हनली? तोंडानं?"

"तोंडानं."

"कोन कोन होतं?"

"त्याच साऱ्या. ज्या हसल्या होत्या."

फटकन एक गोवरी भिंतीवर. "खाल्लं?"

"पुसून खाल्लं."

"तिच्या आंगनात पेटवल्या माह्या गोवऱ्या?"

"तुळशीजवळ."

माय हात खाली सोडून उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, झालं गेलं. लोकांच्या आया तसं म्हणतात. माझी माय म्हणाली, "पुन्हा सांग. पयल्यापासून सांग. मोटार घेऊन आली तिथून." मी पुन्हा सांगितलं. जेवताना बापाला ऐकवायच्या निमित्ताने तिने पुन्हा सांगायला लावलं, आणि मी कुठे चुकले की तीच दुरुस्त करायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माय तुमसरला आली. न कळवता आली. मी तिला आणायला स्टँडवर असते, तर तिला गल्लीतल्या जवळच्या वाटेने नेलं असतं. ती मुद्दाम लांबच्या वाटेने आली, बंगल्यासमोरून. हे मला नंतर तिनेच सांगितलं, तिखटमीठ लावून. डोक्यावर टोपलं, टोपल्यात गोवऱ्यांची चळत. बंगल्याच्या फाटकाशी तिने टोपलं उतरवलं. मान मोकळी केली, पदराने तोंड पुसलं, पुन्हा चुंबळ नीट वळली. भरपूर वेळ घेतला. मिलवाली व्हरांड्यात होती.

"राम राम बाई!" मायने आवाज दिला. "गोवऱ्या पाहिजे काय? माह्याच हातच्या हायेत."

ती बाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. "पाहिजे नाई वाटते," माय रस्त्यालाच म्हणाली आणि टोपलं उचललं.

खोलीवर आली, नळ सोडून पाहिला, पलंगावर बसून पाहिलं. मग म्हणाली, मिरच्या हायेत का? मिरच्या होत्या. मी अंगणात नेहमीच्या जागी विटा मांडायला लागले, तशी ती उठली, हाताचं बोट तोंडात ओलं केलं आणि वर धरलं.

"तिथं नको. वारा कोनीकडं हाय?"

"बंगल्याकडं."

तिने विटा उचलल्या आणि भिंतीला लागून मांडल्या, अगदी नालीच्या काठावर. त्या दिवशी वारा बंगल्याकडे होता. नसता, तर आम्ही थांबलो असतो.